धूळ आधी ढगाकडे जाते

सकाळी साडेआठला मंदाआत्या गॅलरीत यायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि मनातल्या मनात आकाशाचे आठ भाग करायची. त्यांतले किती भाग ढगांनी झाकलेत, तो आकडा ती मोठ्याने म्हणायची. "तीन." मग आत जाऊन कुकर लावायची. वेधशाळेतल्या नोकरीतून निवृत्त होऊन तिला चौदा वर्षं झाली होती. कोथरूडच्या त्या सोसायटीत तो आकडा ऐकायला समोरच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांखेरीज कोणी नव्हतं.

आत्याला सहसा काही आवडत नसे. लग्नातल्या जेवणाबद्दल विचारलं तर "गरम होतं" म्हणायची. कुणी मोबाइलवर पाहून उद्या पाऊस आहे असं सांगितलं, तर विचारायची, "त्याला खिडकी आहे का?" तिच्या तोंडून "चांगलं" हा शब्द मी तरी कधी ऐकला नव्हता.

म्हणूनच बाबांनी तिचं नाव काढलं. माझी धाकटी बहीण नीरजा खराडीच्या एका स्टुडिओत परदेशी सिनेमांची दृश्यं कॉम्प्युटरवर तयार करायची. बाबांना ते काम वाटतच नव्हतं. तिने ते सोडून बँकेच्या परीक्षेला बसावं म्हणून घरात वर्षभर धुसफुस चालली होती. शेवटी बाबा म्हणाले, ताईला तुझा सिनेमा दाखव. तिने तुझं काम चांगलं म्हटलं तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही म्हटलं तर जूनपासून क्लास. बाबा आपल्या बहिणीला साठ वर्षं ओळखत होते. नीरजाने हो म्हटलं, पण एक अट घातली. आपलं दृश्य कोणतं, हे आत्याला कुणी आधी सांगायचं नाही.

सिनेमा म्हणजे एका गाजलेल्या अंतराळपटाचा दुसरा भाग. दिवाळीत थिएटरला लागलेला तो मार्चमध्ये ओटीटीवर, म्हणजे घरच्या टीव्हीवर आला. रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही आत्याच्या हॉलमध्ये बसलो. ती वेताच्या खुर्चीत ताठ बसली होती, समोर कुणी नोकरीसाठी मुलाखत द्यायला आल्यासारखी.

पहिल्या भागात जळून मेलेला नायक पाचव्या मिनिटाला उठून उभा राहिला. मी ते सांगितल्यावर आत्या म्हणाली, "मग याला मारलं कशाला होतं?" अंतराळात यानं फुटू लागली, तेव्हा तिथे हवा नाही तर हा दणदणाट कुणाला ऐकू येतोय, असं तिने विचारलं. परग्रहावरची राणी इंग्रजी बोलायला लागल्यावर ती शिकवणीला जात असेल, असा अंदाज केला. मग त्या ग्रहावर एकाच वेळी दोन सूर्य उगवले. आत्या पुढे वाकली.

"दोन सूर्य आणि सावली एकच. काटकसरी लोक आहेत."

बाबा खूश होते. तिच्या प्रत्येक वाक्याला ते आपलं एक जोडत होते. नीरजा फरशीकडे बघत होती. सूर्य तिच्या वाट्याचे नव्हते, पण ते सांगायची सोय नव्हती. विश्वाचा नाश तिसऱ्यांदा टळला, तेव्हा आत्याने चहा ठेवायला सांगितलं.

मग वादळ आलं. लाल माळावर एकटा नायक, आणि क्षितिजावर खाली काळा, माथ्यावर सपाट असा प्रचंड ढग. जमिनीलगतची धूळ सळसळत त्या ढगाच्या दिशेने निघाली.

"बघ ताई," बाबा हसत म्हणाले, "वादळ येतंय इकडे आणि धूळ चाललीय तिकडे. एवढंही कळत नाही यांना."

नीरजाने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"मागे घे," आत्या म्हणाली.

मी मागे घेतलं. धूळ ढगाकडे गेली. मग एक श्वासभर सगळं थांबलं, नायकाचा झगा नुसता लोंबत राहिला. आणि मग सगळी धूळ एकदम वळून त्याच्या अंगावर आली. आत्याने ते तीनदा पाहिलं.

"दिगंबर, तू जन्मभर पुण्यात राहिलास. वळीव कधी पाहिला नाहीस?"

"पाहिलाय की," बाबा म्हणाले.

"नुसता भिजलास. वारा आधी ढगाकडे ओढला जातो. मग पडतो. मग गार होऊन उलटा येतो." ती पडद्याकडेच बघत होती. "हे ज्याने केलं, त्याने उघड्यावर उभं राहून पाहिलंय."

"ते माझं आहे, आत्या," नीरजा म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. एका मे महिन्यात मांजरी गावाच्या रस्त्यावर, उसाच्या फडाशी स्कूटर लावून ती वळीव येताना बघत उभी राहिली होती. ऑफिसात सगळ्यांना धूळ थेट ढगाकडून यायला हवी होती. पंधरा दिवस भांडून तिने ती अशी ठेवून घेतली.

"किती वेळ आहे हे?"

"अकरा सेकंद."

"दोन तास वीस मिनिटांत अकरा सेकंद. बाकी केर आहे."

बाबांनी लगेच शब्द पकडला. म्हणजे सिनेमा वाईटच, असं म्हणाले.

"टाकाऊ आहे. पण तू सिनेमाचं विचारलं नव्हतंस," आत्या म्हणाली. "हिचं काम चांगलं आहे."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आत्याने मात्र सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, कारण अर्धवट पाहून नावं ठेवणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवट तिला सुरुवातीपेक्षा भिकार वाटला.

बाबांनी शब्द पाळला. क्लासचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

पुढच्या वर्षी जानेवारीत आत्या गेली. झोपेतच. त्याच्या दोन दिवस आधी नीरजाने तिला फोन केला होता. सिनेमाचा तिसरा भाग निघतोय आणि या वेळी त्यातलं सगळं आकाश माझ्याकडे दिलंय, असं तिने सांगितलं.  त्यावर आत्या म्हणाली, "तिसराही काढतायत? निर्लज्ज आहेत. बरं, रविवारी ये. येताना अर्धा किलो मटार आण, सोललेले नकोत."