कार्पच्या तळ्यात गणपतीचा शोध: मेटल डिटेक्टरचे पहिले धडे

मेटल डिटेक्टरचा नाद लोकांना सोन्याच्या आशेनं लागतो. आमची त्याच्याशी गाठ गणपतीमुळे पडली. साठच्या दशकात हे जर्मनीत एर्लांगेनला पीएच.डी. करत होते. लग्नानंतर मी तिकडे निघाले तेव्हा सासूबाईंनी देव्हाऱ्यातला चार बोटं उंचीचा पितळी गणपती माझ्या हातात ठेवला. ‘परत येताना जपून आण,’ एवढंच म्हणाल्या, पण त्यांचा धाकच असा होता की अख्खा प्रवास मी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

जर्मनीत शाडूची मूर्ती कुठून मिळणार? म्हणून अनंत चतुर्दशीला याच गणपतीला पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा घरी आणायचं, असं ठरलं. गावाबाहेरच्या एका मासेपालनाच्या तळ्यावर गेलो. ‘मोरया’ म्हणत ह्यांनी देवाला बुडवलं आणि हात रिकामाच वर आला. तळ्याच्या मालकानं, एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं, आम्हाला पाण्यात उतरू दिलं नाही. ‘ऑक्टोबरात कार्प पकडायला तळं रिकामं करतो, तेव्हा या,’ म्हणाला. डिसेंबरात आम्ही पुण्याला परतणार होतो आणि रिकाम्या हातानं सासूबाईंसमोर उभं राहायची माझी छाती नव्हती.

ह्यांच्या लॅबमधला डीटर मदतीला आला. सैन्यातून मोडीत निघालेलं सुरुंग शोधायचं यंत्र त्यानं मिळवलं होतं आणि रविवारी तो शेतांतून जुनी नाणी शोधत हिंडायचा. भाडं म्हणून त्यानं डबाभर शंकरपाळे मागितले.

तर ऑक्टोबरातल्या एका थंडगार सकाळी निघालो. रेल्वेनं जाणार असाल तर सायकलचं वेगळं तिकीट काढायला विसरू नका. स्टेशनपुढचा रस्ता सपाट, दुतर्फा तळीच तळी, त्यामुळे सायकलीला उत्तम. माझा अवतार मात्र बघण्यासारखा होता: साडी, वर ह्यांचा ओव्हरकोट आणि पायात घरमालकिणीचे रबरी बूट.

तळ्यात आता नुसता चिखल होता. मासे टबांत भरून गेले होते. ‘आल्झो, संध्याकाळी मी तळ्यात चुना टाकणार, मग आत उतरता येणार नाही,’ मालकानं बजावलं. डीटरनं खांद्याला बॅटरीची पेटी अडकवली, कानाला हेडफोन लावले आणि आमची शिकवणी सुरू केली. आधी जमिनीच्या मालकाची परवानगी. यंत्राची तबकडी जमिनीलगत, सावकाश फिरवायची. खणलेला खड्डा बुजवायचा. आणि गोळा किंवा काडतूस दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवायचं, कारण युद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती. नियम आता आणखी कडक आहेत, तिथल्या प्रत्येक राज्याचे वेगळे, तेव्हा आधी चौकशी करा.

पहिल्याच फेरीत माझ्यापाशी यंत्र किंचाळलं. ‘हाल्ट!’ डीटर ओरडला. दोघांनी माझ्याभोवती गुडघाभर खणलं, पण काही नाही. मी बाजूला सरकले, तर यंत्र तिथेही किंचाळलं. मग माझी ट्यूब पेटली. बुटांच्या आत माझी चांदीची जोडवी होती!

‘काढ ना गं,’ हे म्हणाले.

‘अहो, काहीतरीच काय? आईंना कळलं तर?’

मी लांब उभी राहिले. दुपारपर्यंत खिळे, घोड्याचा नाल आणि बिअरच्या बाटल्यांच्या बुचांच्या तारा निघाल्या. गावातल्या खानावळीत त्या दोघांनी ताटाबाहेर जाणारा तळलेला कार्प खाल्ला, मी बटाट्याचं सॅलड. कार्पमध्ये काटे फार, घाईत खाऊ नका.

परतलो तर चुन्याची गाडी येऊन उभी होती. ह्यांचा चेहरा उतरलेला. मी रडायच्या बेतात होते. मी सायकलींच्या आड गेले, बूट काढले आणि जोडवी शंकरपाळ्यांच्या डब्यात टाकली. मनातल्या मनात क्षमा मागून पुन्हा चिखलात उतरले.

दहाएक पावलांवर, माझ्या बुटांशी यंत्र किंचाळलं.

‘हो, हो, फ्राऊ साने, तुमचे पाय!’ डीटर हसला आणि पुढे निघाला.

‘अहो थांबा! जोडवी डब्यात आहेत!’

हे झटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी चिखल उपसू लागले. आधी सोंड दिसली. मला हुंदका आवरेना.

‘सोन्याचा आहे?’ मालकानं विचारलं.

‘नाही, सासूचा आहे,’ मी म्हणाले.

‘गेनाऊ!’ म्हणजे ‘अगदी बरोबर!’ म्हणत त्यानं टोपी काढली. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

नाण्यांचा छंद काही आम्हाला लागला नाही. पुण्याला आल्यावर ह्यांनी सगळं प्रामाणिकपणे सांगून टाकलं, जोडव्यांसकट. मी स्वयंपाकघराच्या दारात मान खाली घालून उभी होते. सासूबाईंनी गणपती निरखून पाहिला, देव्हाऱ्यात ठेवला आणि मुलाकडे वळल्या.

‘म्हणजे देव पाडलास तू,’ त्या म्हणाल्या, ‘आणि जोडवी काढायची हिनं?’