नागपूरच्या संघासाठी केलेलं पुरण

महाविद्यालयीन मुलींना बास्केटबॉल शिकवण्याची माझी कारकीर्द तीन वर्षांची आहे, आणि त्या तीन वर्षांत माझ्या हातून चेंडू एकदाही जाळीत गेलेला नाही. मी तर्कशास्त्राचा मास्तर. त्रेपन्न-चौपन्नच्या सुमाराला वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात मुलींचा संघ काढायचं ठरलं, तेव्हा प्राचार्यांनी सगळ्या स्टाफवरून नजर फिरवली आणि सर्वांत उंच माणूस निवडला. नियम मी पुस्तकातून शिकलो. रिंगण बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवणाऱ्या लोहाराकडून करून घेतलं. (ते मापापेक्षा मोठं झालं. तरी माझा चेंडू जात नसे.)

संघाची कप्तान होती शांता, माझी सख्खी भाची. हिंगणघाटची पोर, शिकायला आमच्या घरी राहिलेली. तिचे वडील म्हणजे आमचे भाऊजी, कापसाचे दलाल आणि तरुणपणी आखाड्यातले पैलवान. शांता इंटरला असताना त्यांनी पुलगावचं स्थळ आणलं. शांता दोन दिवस जेवली नाही. मी त्यांच्या खूप विनवण्या केल्या. शेवटी भाऊजींमधला पैलवान बोलला.

“नागपूरच्या पोरी येऊन राह्यल्या ना तुमच्याकडं खेळाले? मी पाहाले येतो. हरवलं त्याईले, तं होऊ दे बी.ए. हारली, तं वैशाखात लगन. जबान म्हणजे जबान.”

आता खरं सांगायचं तर आमच्या मुली चांगल्या खेळत होत्या. आठच दिवसांपूर्वी त्यांनी मुलांच्या संघाला हरवलं होतं. (मी तो योगायोग मानला.) पण नागपूर तेव्हा आमची राजधानी! तिथून येणारी कुठलीही वस्तू आपल्यापेक्षा भारी, ही माझी पक्की समजूत होती. मला झोप येईना. मग मी तर्क चालवला: भरल्या पोटाचा माणूस पळू शकत नाही. पाहुण्यांना जेवायला घालणं हे पुण्यकर्म. सबब, नागपूरच्या संघाला सामन्याआधी आमच्या घरी पुरणपोळीचं जेवण!

बायको म्हणाली, “अवं, खेळाच्या आंधी येवढं जड जेवतात का कोनी?”

“पाहुणे आहेत. तू कर.”

तिनं पन्नासेक पोळ्या केल्या. आमच्याकडची पोळी म्हणजे उशीएवढी जाड, आणि सोबत वाटीभर तूप. पाट मांडले, पानं वाढली. नागपूरच्या मुली आल्या. त्यांच्या कोच बाईंनी पानांकडे पाहून हात जोडले.

“सर, सामन्याआधी आम्ही नुसतं लिंबाचं सरबत घेतो. सामना झाला की पोटभर जेवू. नक्की.”

सरबत पिऊन त्या मैदानाकडे निघूनही गेल्या. इतक्यात हिंगणघाटहून भाऊजी आले. मागोमाग, त्यांना नमस्कार करायला म्हणून, शांता आणि तिचा अख्खा संघ. भाऊजींनी ती वाढलेली पानं पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“वाढलेलं पान असं सोडून जातात का? अन्नाचा अपमान होते. बसा वो पोरीहो.”

शांतानं माझ्याकडे पाहिलं. “मामा, आमाले खेळाले जायचं आहे.”

इथे एक वाक्य बोलायचं होतं. ‘भाऊजी, राहू द्या.’ पण मग ते विचारणार, हे कोणासाठी केलं होतं, काऊन केलं होतं? आणि जावयाला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. भाऊजी म्हणाले, “मास्तर, उभे काय राह्यले? वाढा,” आणि मी वाढलं. माझ्या हातानं. शांता पानावर हात आडवा धरून “नको मामा, नको मामा” म्हणत होती, आणि मी तिच्या बोटांच्या फटीतून तूप सोडत होतो. ‘बाप समोर बसलाय, एवढी खा गं,’ असंही म्हणालो. भाऊजींनी स्वतः पाच खाल्ल्या.

सामन्याचं वर्णन मी करू शकत नाही. आमची एक मुलगी पहिल्या पाच मिनिटांत खांबाला टेकली, ती टेकलीच. दुसरी चेंडू आला की बाजूला सरकून त्याला वाट देई. एकटी शांता धावत होती, एका हातानं कूस दाबून. भाऊजी खुर्चीत घोरत होते. शिटी वाजल्यावर जागे झाले.

“कोन जितलं?”

मी सांगितलं. त्यानंतर नागपूरच्या मुली शब्दाला जागून घरी आल्या आणि उरलेल्या सगळ्या पोळ्या संपवून गेल्या.

मी भाऊजींचे पाय धरले. सगळं कबूल केलं, पोळ्या कोणासाठी होत्या तेही. “दोष माझा आहे. पोरीला शिक्षा देऊ नका.”

त्यांनी मला उठवलं. “मास्तर, पाव्हन्याले जेवू घालनं हा काय दोष झाला?” मोठ्या मायेनं म्हणाले. पण जबान म्हणजे जबान.

शांता ट्रंक भरत होती. वह्या तिनं वर न ठेवता तळाशी घातल्या. मी दारात उभा. तिनं वळून न पाहता विचारलं, “मामा, आमी हारूच, असं तुमाले पयल्यापासून वाटत होतं ना?”

ट्रंकेची कडी बसेना, म्हणून तर्कशास्त्राच्या मास्तरनं पुढे होऊन झाकण दाबून धरलं.

वैशाखात लग्न झालं. पंगत बसली तेव्हा भाऊजींनी सगळ्या सोयऱ्यांत मला शोधून काढलं आणि पोळ्यांचं ताट माझ्या हातात दिलं. “आग्रह तुमीच करा मास्तर. तुमाले कोनी नाई म्हनू शकत नाई.” मी केला. नागपूरकरांसाठी आखलेला माझा डाव पुलगावच्या वऱ्हाडावर अगदी बिनचूक बसला. एकेकाला पानावरून उठवेना. अडचण एवढीच होती की त्यांना कुठे धावायचं नव्हतं. शांताला घेऊन जायचं होतं.