आधी घरची पोर

नाशिक रोडला रेल्वेलाइनच्या कडेच्या वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या. भाऊ, वहिनी, त्यांची लहान मुलगी आणि मी. सत्तरच्या दशकात वस्तीच्या समाजमंदिरात एका महिला मंडळाची बालवाडी भरायची. गाणी, गोष्टी, मूठभर चुरमुरे. ती बंद पडली, समाजमंदिरालाही कुलूप लागलं. पुढे सरकारची अंगणवाडी मंजूर झाली, जागा मात्र मंजूर झाली नाही. वहिनी सेविका म्हणून लागली आणि अंगणवाडी आमच्या पुढच्या खोलीत आली. तात्पुरती, असं सांगण्यात आलं. मी वर्तमानपत्रात होतो. जिल्ह्यात अंगणवाड्या वाढल्याची बातमी मीच एका परिच्छेदात बसवली. जागेचा प्रश्न त्यात मावला नाही.

सरकारी भाषेत वहिनीचं काम नोकरी नव्हतं, मानसेवा होती; पगार नाही, थोडंसं मानधन. सकाळी घरोघरची पोरं गोळा करायची, गाणी घ्यायची, सरकारी पोषण आहाराची सुकडी वाटायची. दुपारी गरोदर बायकांना लशीची आठवण करत हिंडायचं. संध्याकाळी ती भाकरी थापता थापता डुलक्या घ्यायची. तिची मुलगी दिवसभर मागच्या खोलीत, मदतनीस बाईच्या नजरेखाली रांगत असे.

महिन्यातून एकदा वजनं. आढ्याच्या कडीचा पाळणा उतरवून तिथे काटा टांगायचा आणि काट्याच्या झोळीत पोर ठेवायचं. तोललेल्या पोराला दृष्ट लागते म्हणून बायका पोरं आणत नसत. वजनं झाली नाहीत तर केंद्र दुसऱ्या वस्तीत हलवू, असं वहिनीच्या वरची मुख्यसेविका बजावून गेली होती. पुढच्या वजनाच्या दिवशी वहिनीने बायकांना कसंबसं दारापर्यंत आणलं. समोरच्या घरातली मावशी बाजारात कांदे विकायची. ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,

"काय गं, पोरं म्हंजे कांदे हायेत का तोलायला?"

"मावशी, पोर सुकत चाललं तर वजनावरून आधी कळतं."

"आमचे काय डोळे फुटलेत? एवढी हौस हाय तर आधी तुझी तोल."

बायका हसल्या. वहिनीने मुलीला आणून झोळीत ठेवलं. मुलगी रडली नाही. त्या वयाचं पोर रडायला हवं होतं. काटा थांबला. वहिनीने वजनाच्या तक्त्यावर ठिपका दिला. तो कुपोषणाच्या रेघेच्या बराच खाली होता. तिने तो सगळ्यांना दाखवला.

हसणं थांबलं. मावशी म्हणाली, "दिसभर लोकांची पोरं जेवू घालतीस. हिला कोण घालतं?"

"पुढचं पोर आणा," वहिनी म्हणाली.

एकीने आणलं. मग दुसरीने.

रेघेखालच्या मुलांना दुप्पट सुकडी द्यायचा नियम होता. वहिनी स्वतःच्या मुलीला ती देईना.

"नियमात बसतं, वहिनी."

"भावजी, घरच्या पोरीला दुप्पट दिली की वस्तीत बोंब होईल. मग तुम्हीच छापाल."

दोन दिवसांनी मावशी बाजाराला जाण्याआधी आली. तिने मदतनीस बाईच्या हातून वाटी घेतली, दुसऱ्यांदा भरून घेतली, आणि मुलीला मांडीवर घेऊन दारातच भरवायला बसली. "कोण बोंबलतंय ते बघते," ती रस्त्याकडे तोंड करून म्हणाली. मग ती रोज येऊ लागली.

पुढे वजनाच्या दिवशी बायका दारात येऊन म्हणायच्या, "आधी घरची तोला." वहिनी तोलायची. ठिपका थोडा वर जायचा, पावसाळ्यात जुलाब झाले की खाली यायचा. केंद्र हललं नाही. जागाही मिळाली नाही. मुख्यसेविका बदलली, नवी आली, तिनेही तात्पुरतं म्हटलं.

एका हिवाळ्यात ठिपका रेघेच्या वर पडला. झोळीत मुलगी हातपाय झाडत ओरडत होती. मावशीने तक्ता बघितला, "बरं," म्हणाली आणि पाटी उचलून बाजाराला गेली. सगळ्यांची वजनं झाल्यावर वहिनीने काटा उतरवला. पाळणा परत टांगला नाही. मुलगी आता त्यात मावत नव्हती. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली.

"भावजी, चहा टाका," ती म्हणाली. "मला उठवत नाही."