रस्त्यावरची शिकवणी

बर्नाडीन कोसिक आमच्या मुलांची शिक्षिका, पण आमच्या शाळेत शिकवायची तिला बंदी. शाळा चर्चची आणि तिचा पगार सरकारी शिक्षण मंडळाचा. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून आमच्या वस्तीत निम्मी घरं कशीबशी दिवस काढत होती. तिथली जी मुलं वाचनात मागे पडत, त्यांच्या जादा शिकवणीचा खर्च मंडळाने करायचा, मूल खासगी शाळेत असलं तरी, असा कायदा. पण सरकार आणि धर्म वेगळे राहावेत म्हणून सरकारी शिक्षिकेने चर्चच्या इमारतीत शिकवायचं नाही, असं कोर्टाने ठरवलं. मग मंडळाने एक जुनी बस फाटकासमोर रस्त्यावर आणून उभी केली. आत बाकं, फळा आणि गॅसचा हीटर.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते. बस माझ्या खिडकीतून दिसायची.

त्या हिवाळ्यात हीटरचा वास येऊ लागला. बर्नाडीनने साहेबांना, म्हणजे मंडळाच्या हॅगर्टींना, पुन्हा पुन्हा फोन केले. "माणूस पाठवतो," एवढंच उत्तर.

एका सकाळी बर्फ असा कोसळत होता की समोरचं दिसेना. मी कोबीचं सूप ढवळत होते, तेवढ्यात दारावर लाथा बसल्या.

"स्टाशा, उघड!"

दाराच्या काचेतून दिसलं, बर्नाडीनच्या हातांत छोटी तेरेस्का होती, मान लोंबलेली. मागे बाकीची पोरं, पांढरीफटक, एकमेकांना धरून.

"आत घेऊ? अगं, नोकरी जाईल तुझी!"

"दार उघड आधी. हीटरचा विषारी धूर चढलाय पोरांना. नोकरीचं मग रडू."

मुख्याध्यापिका सिस्टर लुडमिला धावत आल्या. खिडक्या सताड उघडल्या, ॲम्ब्युलन्सला फोन केला. तेरेस्काचे ओठ भलतेच लाल दिसत होते. सिस्टर तिचे गाल थोपटत होत्या, ती डोळे उघडेना. बाकीची पोरं पेंगायला लागली.

"झोपायचं नाही!" बर्नाडीन ओरडली. "जॉइ, वाच. मोठ्याने! अडलं तरी वाच!"

पोरं थंडीने कुडकुडत, अडखळत वाचत होती. मी गुडघ्यांवर बसून प्रार्थना करत होते, पण शब्द आठवत नव्हते. मग तेरेस्का खोकली आणि सिस्टरच्या झग्यावर भडाभडा ओकली. सिस्टर रडायलाच लागल्या.

ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग हॅगर्टी पोचले.

"मिस कोसिक, इथे शिकवणं चाललंय?"

"जागं ठेवणं चाललंय. तुमच्या हीटरने झोपवलं होतं."

त्यांनी तिला त्याच दिवशी कामावरून थांबवलं. वस्ती पेटली. मंडळाच्या सभेत तेरेस्काची आई उभी राहिली. "आमच्या पोरांसाठी खर्च करणं हा तुमचा उपकार नाही, कायदा आहे. मग मेलेली बस का देता?"

महिन्याभरात विजेच्या हीटरची नवी बस आली. बर्नाडीनला कामावर परत घेतलं, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला धाडलं. आमच्याकडे दुसऱ्या बाई आल्या, रस्त्यावर बसमध्ये शिकवण्याला वैतागून गेल्या. शेवटी पानगळीच्या दिवसांत मंडळाला बर्नाडीनलाच परत पाठवावं लागलं.

तेरेस्का तोवर सरसर वाचू लागली होती. बर्नाडीन माझ्याजवळ फणफणली, "मी नसताना कुणी शिकवलं हिला?"

"तिच्या आईने," मी म्हटलं. "रोज रात्री. आधी स्वतः शिकून."