टॅग शिवणाऱ्या ताई

टॅगताई स्वतःच्या जेवणाच्या डब्यावरही चिठ्ठी लावायच्या. ‘मेथी. तिखट कमी. आज सकाळची.’ डबा त्यांचा, खाणार त्याच, तरीही. मी एकदा म्हणालो, "ताई, स्वतःचाच डबा ओळखू येत नाही का?" तर म्हणाल्या, "झाकण लागलं की आतलं कोणाला दिसतं, दादा? बाहेर लिहिलेलं असावं बराबर." त्यांचं सगळंच असं बराबर असायचं. मला तेच सहन होत नसे.

मूळच्या त्या जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. जालन्यात एका बियाणे कंपनीत त्यांनी कितीतरी वर्षं पिशव्यांच्या तोंडाला टॅग शिवले. वाण कोणता, उगवण किती, मुदत कधीपर्यंत. पुढे कॉम्प्युटर शिकल्या आणि आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसात आल्या. वेबसाइटचं पान मी सजवायचो. पानामागच्या कोडमध्ये सर्च इंजिनला वाचता येतील असे टॅग त्या लावायच्या: हे वस्तूचं नाव, ही किंमत, माल शिल्लक आहे. मग शोधणाऱ्याला नुसती निळी ओळ न दिसता तिच्याखाली किंमत, गिऱ्हाइकांनी दिलेले तारे, सगळं दिसे. लोक तिथेच क्लिक करत.

आणि कौतुक कोणाचं? ताईंचं. मी चार-चार दिवस एकेका रंगावर घालवायचो. गिऱ्हाईक यायचं ते थेट त्यांच्या टेबलाशी. "ताई, तुम्ही जादू केली!" त्या म्हणायच्या, "जादू कसली? टॅग लावल्यानं बी उगवत न्हाई. फक्त समजतं, आत काय हाय." या नम्रपणाने तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग अंबडच्या एका काकूंचं काम आलं. काकू येसर मसाला करायच्या. दिवाळीआधी ऑनलाइन विक्री जमली, तर सोबतच्या दोन बायकांना त्या कायमचं काम देणार होत्या. मी ठरवलं, हे काम एकट्याने करायचं. टॅगसुद्धा मीच लावायचे. बघू या, कोणावाचून कोणाचं अडतं ते.

टॅग लावले. पण तारे कुठून आणायचे? पानावर एकाही गिऱ्हाइकाचा अभिप्राय नव्हता. मी कोडमध्ये बेधडक पाचपैकी पाच तारे लिहून टाकले. थोड्याच दिवसांत शोधल्यावर येसराखाली पिवळे तारे झळकले. ऑर्डरी सुरू झाल्या. मी ताईंना मुद्दाम स्क्रीन दाखवली. त्यांनी पाहिली, पान उघडून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि आपल्या टेबलाशी परत गेल्या. मला वाटलं, जळाली!

पंधरवड्याने सर्च इंजिनची नोटीस आली. पानावर नसलेली माहिती टॅगमध्ये दिली, म्हणून कारवाई. तारे गेले, किंमतही गेली. उरली नुसती निळी ओळ. काकूंचा फोन आला. "भाऊ, ऑर्डरी एकदम बंद झाल्या हो. मी मिरच्या आणून बसले. त्या दोघींना काय सांगू?"

मान खाली घालून मी ताईंच्या टेबलाशी गेलो. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "रिकाम्या पिशवीला टॅग शिवला तुम्ही. त्यात पाचपैकी पाच! शंभर टक्के उगवण लिहिलेली पिशवी जुना शेतकरी हातात पण धरत न्हाई." मग त्यांनी खोटे तारे काढले. काकूंच्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला फोन लावून अभिप्राय पानावर लिहायला लावले. एकाने लिहिलं, ‘चव चांगली, मीठ जास्त.’ मी म्हणालो, "हा उडवू या." "राहू द्या. तो हाय म्हणून बाकीचे खरे वाटतात." मग चूक कबूल करून फेरतपासणीचा अर्ज केला. दिवाळीच्या तोंडावर तारे परत आले, पाचाला जरा कमीच. त्या दोघी कामावर राहिल्या. काकूंनी येसराचा डबा पाठवला, तो ताईंच्या नावाने.

गेल्या वर्षी यजमानांची बदली झाली आणि ताई नागपूरला गेल्या. निरोपाचं मी भाषण केलं, चांगलं केलं. खरं सांगतो, मनातून हलकं वाटलं होतं.

त्यांनी टॅग लावलेली पानं माझ्याकडे आली, तेव्हा पहिल्यांदाच मी त्यांचे टॅग उघडून वाचले. पान कोणी केलं, हे लिहायची त्यात एक जागा असते. तिथे त्यांनी स्वतःचं नाव घातलं असणार, याची मला खात्री होती. पहिल्या पानावर माझं नाव होतं. दुसऱ्यावरही माझंच. सगळी पानं पाहिली. त्यांचं नाव एकाही ठिकाणी नव्हतं.

मी फोन केला. "ताई, हे काय?" त्या म्हणाल्या, "मंग? पानं तुमचीच व्हती ना, दादा. टॅगवर खोटं कसं लिहू?"

मग मी काकूंचं पान उघडलं. ते एकच टॅगसकट मी एकट्याने केलेलं, ताईंनी निस्तरलेलं. तिथेही माझंच नाव होतं, पण ते मीच घातलेलं. मी ते खोडलं आणि त्यांचं लिहिलं. हेवा मात्र अजून गेलेला नाही.