लेकीच्या घरचं पाणी

मी दोंडाईच्याला लेकीकडे होते. सावद्याच्या घरून मुलाचा फोन आला, "काकू गेली." दुपारी बसल्या जागीच गेली म्हणे. मंगलला कळवलं होतं. ती डोंगरातून पोचेपर्यंत सरण विझत आलं होतं...

सिंधू माझी धाकटी जाऊ. एका चुलीवर आमची उमर गेली. भांडलोही पुष्कळ. मंगल तिची एकुलती मुलगी. तिनं सातपुड्यातल्या पालच्या पावरा आदिवासी मुलाशी लग्न केलं, तेव्हा दिरानं अंगणात बसून तिच्या नावानं आंघोळ केली. जिवंत मुलीच्या नावानं. पाणी सिंधूनंच काढून दिलं. नाही म्हणायची तिची छाती नव्हती.

दीर वारले. पुढच्या होळीआधी ती म्हणाली, "आक्का, मंगलकडे जाऊ ना वं." निघालो. केळीच्या बागा मागे पडल्या, गाडी सातपुड्याला लागली. भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराला जाणाऱ्यांनी गाडी भरलेली. कंडक्टर म्हणाला, "आज्या, तुमी बी नाचाले चालल्या का?" सिंधू म्हणाली, "तू ढोल वाजव, मंग पाहू." कित्येक वर्षांनी मी तिला हसताना पाहिलं.

पाल छोटं गाव. निळी, पोपटी, गुलाबी घरं. पावरा बाया गळाभर चांदी घालून बाजारात हिंडत होत्या. त्यात आम्ही दोघी फिक्या लुगड्यांतल्या. गावाबाहेर, हरभऱ्याच्या शेतांपलीकडे मंगलचं घर. नुकतंच सारवलेलं. तिनं आम्हाला पाहिलं, आत गेली आणि पाण्याचे दोन पेले घेऊन आली.

सिंधूनं पिशवीतून आपली बाटली काढली. भाकरीही तिनं घरूनच बांधून आणली होती.

मंगलचा चेहरा उतरला. "आमच्या घरचं चालत नाही का?"

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी घेत नाहीत. सिंधूनं तीच रीत पाळली. रीत लेकीच्या खऱ्या लग्नालाच असते. हे लग्न आपण मानलं, एवढंच तिला दाखवायचं होतं. तिच्या वतीनं मीच सांगितलं, "अवं, लेकरू होईपर्यंत घेत नाहीत. तुले ठाऊक आहे ना?"

"लेकरू झालं व्हतं, मोठी माय. गेलं बी. तुमाले कोन सांगीन? तुमच्यासाठी तं मीच मेली व्हती."

सिंधूनं पेल्याकडे हात नेला. मंगलनं पेला उचलला, पाणी दारातल्या झाडाला ओतलं. "आता राहू दे," म्हणाली. रागानं नाही. दमून.

आम्ही सावद्याला परतलो.

मग तिला एक खोड लागली. गल्लीतल्या कोणाच्याही दारात उभी राहायची आणि पाणी मागायची. मजुरांच्या झोपडीत, शेजारच्या नूरबीकडे, जिथं तिनं जन्मात घोट घेतला नव्हता तिथंही. उभ्यानं पेला रिकामा करायची. लोक म्हणत, सिंधूला साखरेचा आजार झाला. मी कोणाला काही सांगितलं नाही.

फोन आला तशी मी सावद्याला आले. परवा दुपारी नूरबीच्या दारासमोर होते, तर ती सवयीनं सिंधूसाठी पेला भरून ओट्यावर आली आणि तशीच उभी राहिली... मी हात पुढे केला. सगळं पाणी प्याले. तहान मलाही नव्हती.