मिठाच्या गावातलं अळणी जेवण

शेर जमानचं नाव ठेवताना त्याच्या बापानं जरा घाईच केली, असं खेवड्यात, मिठाच्या खाणीच्या त्या गावात, सगळे म्हणत. नाव सिंहाचं आणि स्वभाव सशाचा. बाजारात कुणी मागून हाक मारली तरी तो दचकायचा. लग्नाच्या पंगतीत चार अनोळखी माणसांत बसायची वेळ आली, की तो आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राहायचा.

पण हाच माणूस मिठाच्या खाणीत शिरला, की वेगळा व्हायचा. उमेदीची सगळी वर्षं त्यानं आत सुरुंगाची भोकं पाडण्यात घालवली होती. पुढे धाप लागायला लागली, तेव्हा त्याला बाहेरगावच्या लोकांना खाण दाखवायच्या कामावर घेतलं. सगळ्यांना वाटलं, हा पहिल्याच दिवशी पळून येणार. उलट झालं. गुलाबी भिंतींवर विजेरीचा झोत टाकत तो असा खणखणीत बोलू लागला, की खाणीतली छोटी गाडी चालवणारा बशीर तोंडात बोट घालून ऐकत राहिला.

"अरे जमान, हा आवाज इतके दिवस कुठं गहाण ठेवला होतास?"

"अंधारात माझं तोंड कुणाला दिसत नाही ना," शेर जमान म्हणाला. "मग लाज कशाची?"

त्याच्या घरात एक रीत होती, ती त्याच्या आईनं पाडलेली. खाणीतून येणाऱ्या माणसाच्या ओठांवर, मिशांवर, जिभेवर मीठच मीठ असतं. त्याला कुठलंही कालवण खारटच लागतं. म्हणून आईनं हंडीत मीठ घालणंच बंद केलं. दस्तरखानावर, जेवायला पसरतात त्या कापडावर, मधोमध एक गुलाबी खडा ठेवायचा आणि शेजारी एक छोटी खवणी. ज्याला जेवढं हवं तेवढं त्यानं खरवडून घ्यावं. आई गेली, पण खडा राहिला. शेर जमानची बायको हलीमा त्याच रीतीनं रांधत आली. तिच्या हाताला हंडीत मीठ टाकायची सवयच उरली नव्हती. खडा मात्र वर्षानुवर्षं झिजून वेडावाकडा झालेला, आणि एका बाजूनं बकरीनं चाटून चाटून गुळगुळीत केलेला.

त्या फेब्रुवारीत चकवालहून तस्नीमसाठी स्थळ आलं. तस्नीम त्यांची एकुलती एक मुलगी, मुलींच्या शाळेत शिकवायची. आधीची दोन स्थळं "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. दोन्ही वेळा शेर जमान पाहुण्यांसमोर तोंडाला कुलूप लावून बसला होता, आणि बाहेर बोलणं असं पसरलं, की बाप घमेंडखोर आहे, पाहुण्यांशी धड बोलतही नाही. हे त्याच्या जिवाला लागून राहिलं होतं. या वेळचा मुलगा तस्नीमला मनापासून पसंत होता. तिनं तोंडानं सांगितलं नव्हतं, पण स्थळाचं नाव निघालं की ती दोनदोनदा चहा करायची, तेवढ्यावरून बापाला कळलं होतं.

पाहुणे येणार त्या सकाळी ती म्हणाली, "अब्बा, आज अगदी गप्प बसू नका हं."

"नाही बसत."

"आणि खाणीत सांगता ती सिकंदराच्या घोड्यांची गोष्टही सगळी सांगत बसू नका."

"मग बोलू काय?"

"जेवायचा आग्रह करा. तेवढं पुरे."

मुलाचे वडील हाजी करमदाद आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची थोरली विधवा बहीण इक्बाल बीबी. मुलाची ही फुफी. घरात शब्द हिचाच चालतो, हे तिच्या चपला काढण्याच्या ढंगावरूनच दिसत होतं. ठरलं होतं असं, की जेवण करायचं, मग शेर जमाननं दोघांना खाण दाखवायची, आणि संध्याकाळी जाताना फुफीनं होय की नाही ते सांगायचं.

हलीमानं आदल्या दिवसापासून घर धुऊन पुसून काढलं होतं. तो बकरीनं चाटलेला खडा बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चकवालच्या लोकांपुढे हा धोंडा ठेवायचा? तिनं तो पिठाच्या पिंपामागे लपवला आणि मनाशी ठरवलं, आज मीठ हंडीतच घालायचं, चार घरांत घालतात तसं. खडा तिनं आठवणीनं लपवला. हंडीत मीठ घालायचं तेवढं विसरली. हात आपला रोजच्या वळणानं चालत गेला. मेथी-गोश्त अळणी, डाळ अळणी, पुलाव अळणी, वाटेसाठी बांधून दिलेले मुळ्याचे पराठेसुद्धा अळणी.

आणि शेर जमान सकाळी पर्यटकांची एक तुकडी आत फिरवून आलेला. ओठांवर खाण बसलेली. त्याला कळणार कसं? त्यानं पहिला घास घेतला आणि लेकीचा शब्द आठवून बळंच मोठ्यानं म्हणाला, "वा! आज काय चव आलीय! घ्या ना हाजीसाहेब, संकोच करू नका."

हाजीसाहेबांचा हात तोंडाशी थांबला. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं नजर ताटात ठेवली.

"घ्या, आणखी घ्या बीबीजी," शेर जमान म्हणाला. "असं जेवण आमच्याकडे रोज असतं."

"रोज असतं?" इक्बाल बीबीनं विचारलं.

"रोज!"

पाहुण्यांनी चार घासांत जेवण आटोपलं. शेर जमानला वाटलं, नेहमी आपण गप्प असतो म्हणून बिघडतं. आज आपण बोललो, तर हे गप्प!

खाणीच्या तोंडाशी गाडी उभी होती. लाहोरच्या कुठल्याशा कॉलेजची मुलंमुली आधीच डब्यांत बसून दंगा करत होती. बशीरनं शेर जमानला डोळा मारला. "व्याही का? तोंडं बघून वाटतं, दवाखान्यात निघालेत."

"गप रे."

गाडी आत शिरली. ऊन मागे गेलं, हवा गार झाली, जिभेवर खारट चव आली. एरवी इथं शेर जमानचा आवाज मोकळा व्हायचा. आज तो सुरुवातीलाच अडखळला. दगड चाटून इथलं मीठ आधी सिकंदराच्या घोड्यांनी शोधलं की सैनिकांनी, हेच त्याला आठवेना. शेवटी घाईघाईनं म्हणाला, "तर, या डोंगरातलं मीठ साऱ्या जगात जातं."

"जगात जातं," मागून इक्बाल बीबी म्हणाली, "दारी आलेल्या पाहुण्याला मात्र मिळत नाही."

मुलं हसली. शेर जमानला वाटलं, इथून भेट म्हणून नेतात त्या मिठाच्या दिव्याबद्दल बीबीजी बोलतायत. पाहुण्यांना दिवा द्यायचा आपण विसरलो! "देतो ना बीबीजी! जाताना देतो! मोठा देतो!"

"जाताना काय करायचंय?" ती म्हणाली आणि चादर डोक्यावर आणखी पुढे ओढून घेतली.

गाडीतून उतरून मंडळी पायी निघाली. मिठाच्या विटांची छोटी मशीद आली. आतून लावलेल्या दिव्यांनी विटा लालसर उजळल्या होत्या. हाजीसाहेबांनी दुवेसाठी हात छातीशी उचलले आणि थोडा वेळ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झालासा वाटला. इतक्यात लांब कुठंतरी, डोंगराच्या पोटात, सुरुंगाचा दबका धमाका झाला. पायाखाली जरासं थरथरलं. इक्बाल बीबीनं दचकून शेर जमानची बाही धरली.

"काही नाही बीबीजी, काही नाही. दुसऱ्या अंगाला काम चाललंय. मी आत असताना तुम्हाला काही होणार नाही."

हे त्यानं इतक्या सहज सांगितलं, की तिनं बाही सोडली नाही. तशीच धरून ती पुढे चालली. पण पूल आला तशी थांबली.

हा पूल खाली एकही खांब नसलेला. दोन्ही बाजूंना खाऱ्या पाण्याची तळी. इतकं नितळ पाणी, की खोली किती ते कळत नाही, वरचं छत तेवढं खाली उलटं दिसतं. कॉलेजची मुलं फोटो काढत पलीकडे गेली. हाजीसाहेबही चार पावलं पुढे गेले.

"मी नाही येत," इक्बाल बीबी म्हणाली.

"घाबरू नका, हात धरतो."

"पुलाला कोण घाबरतंय! भाई शेर जमान, इथं अंधार आहे, तुमचं तोंड मला दिसत नाही आणि माझं तुम्हाला. म्हणून सरळ विचारते. मुलगी द्यायची नव्हती, तर आम्हाला इतक्या लांब बोलावलं कशाला?"

शेर जमानच्या हातातली विजेरी खाली झुकली. "द्यायची नव्हती? कोण म्हणालं?"

"तुमची हंडी म्हणाली! आमच्याकडे नकार तोंडानं देत नाहीत. पाहुण्याला अळणी जेवू घालतात. पाहुणा समजतो, उठतो, निघतो. कुणाची अब्रू जात नाही. तुम्ही तर वर म्हणता, वा काय चव आलीय! म्हणजे नकारही द्यायचा आणि चिडवायचंही?"

"अळणी?" तो पुटपुटला. "अळणी होतं?"

"भाई, एक कण नव्हता मिठाचा!"

मग सगळं एकदम त्याच्या ध्यानात आलं. दस्तरखानावरची मधली रिकामी जागा त्याला आत्ता दिसली. जेवताना मघाशी त्याचा हात दोनदा तिकडे गेला होता आणि परत आला होता. तो मटकन खाली बसला, तिथंच, पुलाच्या तोंडाशी. आणि ज्या माणसाला दिवसाउजेडी दोन वाक्यं धड जमत नसत, त्यानं सगळं सांगितलं. आईची रीत. खडा. खवणी. बकरी. हलीमाची लाज. स्वतःची जीभ, जिला आता मीठ आहे की नाही तेच कळत नाही. आधी आलेली स्थळं, त्याचं गप्प बसणं, घमेंडखोर म्हणून झालेलं नाव. "मी गप्प बसतो ते घाबरून, बीबीजी. आज पोरगी म्हणाली बोला, म्हणून बोललो. मला काय ठाऊक, ताटात काय आहे!"

इक्बाल बीबीनं भिंतीवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"बकरीनं चाटलेला?" तिनं विचारलं.

"एकाच बाजूनं," शेर जमान अजिजीनं म्हणाला.

पुलावरून हसू आलं. हाजीसाहेब परत फिरले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आपा, मी सांगू का? डॉक्टरनं मला मीठ कमी करायला सांगितलंय. मला वाटलं, कुणीतरी यांना कळवलं असेल. मी मनातल्या मनात दुवा देत होतो."

"तू गप बस! तुला कुणी भुसा वाढला तरी दुवाच देशील." पण तिचा आवाज बदलला होता. तिनं चादरीखालून पराठ्यांचं पुडकं काढलं. "हेही तसेच?"

"तसेच असणार," शेर जमान म्हणाला.

"मग मीठ काढा."

"भिंतीचं तोडता येत नाही, बीबीजी. कुणालाच नाही. मी रोज लोकांना तेच सांगतो."

"आता काय म्हणावं! मिठाच्या डोंगरात बसून मीठ नाही!"

शेर जमान जरा घुटमळला. मग त्यानं आपल्या जुन्या जाकिटाचा खिसा उलटा केला. सुरुंगाच्या दिवसांपासूनचं ते जाकीट. शिवणीत मिठाचा चुरा बसलेला, हलीमानं कितीही धुतलं तरी न जाणारा. त्यानं तो नखानं खरवडून तळहातावर घेतला. इक्बाल बीबीनं पराठ्याचा तुकडा मोडला, त्याच्या तळहातावर टेकवला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला. मग एक तुकडा भावाला दिला.

"मुळा चांगला किसलाय," ती म्हणाली.

शेर जमाननं इतका लांब श्वास सोडला, की विजेरीचा झोत पाण्यावर हलला. पलीकडून एक मुलगी ओरडली, "अंकल, आमची गाडी चुकेल! तुम्ही तिथं जेवताय काय?"

"हो!" शेर जमान त्याच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाला. "जेवतोय! थांबा जरा!" सगळी खाण घुमली. इक्बाल बीबी चादरीत तोंड लपवून हसली आणि मग त्याची बाही धरून पूल ओलांडून गेली.

गाडी बाहेर आली तेव्हा उन्हं उतरली होती. फाटकाशी हलीमा उभी होती, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात तस्नीमची. पाहुणे गेल्यावर मायलेकी जेवायला बसल्या होत्या. हलीमाचा हात खड्याकडे गेला, खडा नव्हता, आणि हंडीत मीठ घालायचं राहिलं ते तिला आठवलं. मग ती तशीच धावत सुटली होती. डोळे रडून लाल, आणि दोन्ही हातांत चादरीच्या टोकानं धरलेला तो वेडावाकडा खडा.

"बीबीजी, माझं ऐका," ती एवढंच म्हणू शकली.

"ऐकलं सगळं. तुमच्या नवऱ्यानं आत बसून सांगितलं." इक्बाल बीबीनं खडा तिच्या हातातून घेतला, उलटासुलटा करून पाहिला, गुळगुळीत बाजूवर अंगठा फिरवला. "सुनेच्या हाताला मीठ टाकायची सवय नाही, हे आत्ताच कळलं ते बरं झालं. ईदनंतरची तारीख धरू. आणि हे बघा, हा खडा मुलीबरोबर आमच्याकडे पाठवायचा."

हलीमा नवऱ्याकडे बघू लागली. शेर जमान आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होता.

"बोला की, नवरीचे अब्बाजान!" गाडीतून बशीर ओरडला. "आता तरी बोला!"

शेर जमाननं वर पाहिलं. ऊन सरळ त्याच्या तोंडावर होतं आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"खडा न्या," तो म्हणाला. "बकरी मात्र आम्ही ठेवू."